टॉर्च कोणाकडे आहे?

अठ्ठावीस वर्षं मी लोकांची दारं उघडतोय, आणि या अठ्ठावीस वर्षांत शांत डोक्याने मला फोन केलेला एकही माणूस आठवत नाही. किल्ली आत आणि आपण बाहेर, एवढं झालं की भल्याभल्यांची पाचावर धारण बसते. कोणाचं दूध गॅसवर असतं, कोणाचं विमान दोन तासांवर असतं, कोणाचं दोन वर्षांचं पोर बाथरूमची कडी लावून आत मजेत पाणी उडवत असतं आणि बाहेर आईबाप रडकुंडीला आलेले असतात. मी पोचलो की ही सगळी मंडळी माझ्या डोक्यावर उभी राहतात, "लवकर करा, लवकर करा" म्हणतात, आणि माझा हात ढळतो. कुलूप उघडणं हे माझं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे दाराबाहेरच्या माणसाला सांभाळणं.

त्यावर मी धंद्याच्या दुसऱ्याच वर्षी उपाय शोधला. गेल्या गेल्या विचारायचं, "टॉर्च कोण धरणार?" आणि जो सगळ्यात जास्त घाबरलेला दिसेल त्याच्या हातात टॉर्च द्यायची. बजावायचं, "इथे, या भोकावर उजेड पाडा. हात हलू द्यायचा नाही. मी 'झालं' म्हणेपर्यंत विझवायची नाही." बस्स. माणूस टॉर्च धरतो, त्याचा श्वास खाली बसतो, बडबड थांबते. खरं सांगायचं तर तो उजेड मला लागतोच असं नाही. कुलूप बोटांना कळतं, डोळ्यांना नाही. पण हे गिऱ्हाइकाला सांगायची काय गरज?

ही युक्ती फक्त एका माणसाने ओळखली होती. आमच्या मुलीने. नाव तिचं चांगलं भारदस्त आहे, पण लहानपणी ती इतकी काटकुळी होती की मी तिला टाचणी म्हणायला लागलो आणि तेच चिकटलं. शाळेला सुट्टी असली की ती व्हॅनमध्ये माझ्या शेजारी बसून कामावर यायची. बारा वर्षांची असताना एकदा आम्ही भर दुपारी एका घरी गेलो. आत म्हातारी आई पडलेली, आणि बाहेर तिचा पन्नाशीचा मुलगा दारावर डोकं आपटत होता. मी त्याच्या हातात टॉर्च दिली. चार मिनिटांत दार उघडलं. म्हातारीचा नुसता पाय मुरगळला होता आणि उलट तीच मुलाला म्हणाली, एवढा आरडाओरडा कशाला करतोस. परत येताना टाचणीने विचारलं, "बाबा, एवढं ऊन होतं. टॉर्च कशाला दिलीत?"

"हात रिकामे असले की भीती हातात उतरते," मी म्हणालो. "हाताला काम दिलं की तिला बसायला जागा उरत नाही."

घर येईपर्यंत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला वाटलं, झोप आली असेल. जेवताना मात्र तिने जाहीर केलं की ती डॉक्टर होणार. मला जरा लागलंच. म्हटलं, बापाचा एवढा चालता धंदा सोडून? तर म्हणते, "तुम्ही दार उघडून देता आणि परत निघता. मला आत जायचंय." मी पाणी प्यायलो.

अभ्यासात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. मेडिकल कॉलेजच्या लेखी परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाली. पण आमच्याकडे लेखी झाली की मुलाखत असते, तीन मोठे डॉक्टर समोर बसतात आणि माणूस पारखून घेतात. आणि ती मुलाखत आयुष्यात दोनदाच देता येते. तिसऱ्यांदा दार उघडत नाही.

पहिल्या वेळी ती आत गेली, त्यांनी म्हटलं, "स्वतःबद्दल काहीतरी सांगा." तिने पहिलं वाक्य म्हटलं, दुसरं आठवलं नाही, आणि तिची दातखीळ बसली ती बसलीच. अकरा मिनिटं. त्यांनी पाणी दिलं, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, खिडकी उघडली. पोरगी टेबलाखाली पाय थरथरवत बसून राहिली. माझ्यावर गेली असती तर इतकं बोलली असती की त्यांनीच तिला हात जोडले असते. ती आईवरही गेलेली नाही, कारण तिच्या आईला मी सत्तावीस वर्षांत निरुत्तर झालेलं पाहिलेलं नाही. कोणावर गेली देव जाणे.

नकाराचं पत्र आलं तेव्हा ती रडली नाही. त्याचंच मला भय वाटलं. तिने पत्र घडी घालून टेबलाच्या खणात ठेवलं आणि म्हणाली, "अजून एकदा."

आता, एखादं कुलूप पहिल्या खेपेला उघडलं नाही तर मी काय करतो? सुटं करतो, एकेक भाग घासतो, तेल देतो, परत बसवतो. तेच मी मुलीबरोबर करायला घेतलं. मुलाखतीत येऊ शकतील असे चाळीस प्रश्न गोळा केले, चाळीस उत्तरं स्वतः लिहिली, आणि माझे तेलकट हात लागून खराब होऊ नयेत म्हणून एकेक उत्तर जाड पुठ्ठ्यावर घेऊन प्लास्टिकमध्ये घालून पक्कं केलं. चाळीस कार्डं. सात नंबरचं कार्ड होतं, "तुम्हाला डॉक्टर का व्हायचं आहे?" त्याचं उत्तर मी असं लिहिलं होतं की ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं. मानवजात हा शब्द त्यात तीनदा होता.

संध्याकाळी दुकानात सराव. किल्ली करून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना मी स्टुलावर बसवायचो, हातात कार्ड द्यायचो आणि सांगायचो, विचारा हिला. एका बेकरीवाल्याने तिला विचारलं, "तुमचे दोष सांगा." ती उत्तर देत असताना तो मध्येच म्हणाला, "माझ्या बायकोला विचारा, माझे सांगेल." सगळे हसले, टाचणी पुढचं विसरली, आणि मी काउंटरवरची घंटा आपटून ओरडलो, "पहिल्यापासून!"

दिवसेंदिवस ती जास्तच अडखळायला लागली. तिची आई काउंटरमागे किल्ल्या कापत सगळं बघायची. एक दिवस तिने यंत्र बंद केलं.

"अहो," ती म्हणाली, "पोरगी आहे ती, कुलूप नाही. किती घासाल? अति तिथे माती होते."

"तुला काय कळतंय मुलाखतीतलं?"

"मला तुमच्यातलं कळतं. तिच्यापेक्षा तुम्हीच जास्त घाबरलायत."

मी चिडलो. मी? मी लोकांना टॉर्च देणारा माणूस. मी दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोललो.

मुलाखतीचा दिवस उजाडला. साडेनऊची वेळ, घरापासून पाऊण तासाचा रस्ता. सव्वाआठला निघायचं ठरलं होतं. मी सहालाच तयार. इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट, व्हॅन पुसून झाली, किल्ल्यांचा जुडगा पुसून झाला. टाचणी आंघोळीला गेली आणि मी घरात येरझाऱ्या घालायला लागलो. तेव्हा माझं लक्ष तिच्या खोलीच्या दाराकडे गेलं. ते कुलूप गेले महिनाभर कुरकुरत होतं. हँडल फिरवलं की असा आवाज यायचा की माणूस दचकावा. आज पोरीने दचकायला नको, असा मी उदात्त विचार केला आणि स्क्रूड्रायव्हर काढला.

दहा मिनिटांचं काम. कुलूप दारातून काढलं, उघडलं, पुसलं, तेल दिलं, परत बसवलं. स्वयंपाकघरातून हाक आली, "चहा निवतोय!" मी दार तसंच उघडं टाकून चहा घ्यायला गेलो. बसवलेलं कुलूप एकदा लावून आणि उघडून बघायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. अठ्ठावीस वर्षांत मी तो एकदाच मोडला.

टाचणी आली, खोलीत गेली, हँडल फिरवून दार लावून घेतलं. पावणेआठ झाले होते. मी दुसरा चहा घेत होतो. ती तयार झाली असावी, आतून हँडल फिरल्याचा आवाज आला. मग परत आला. मग गरागरा आला, आणि कुलूपवाल्याला तो आवाज कधीच चुकत नाही. हँडल नुसतंच फिरत होतं, आत काही धरत नव्हतं.

त्याच वेळी तिच्या आईने माझ्या बशीतून काहीतरी उचललं. गव्हाच्या दाण्याएवढा एक स्क्रू होता, चहा घेताना माझ्या तेलकट बोटांवरून बशीत पडलेला.

"हा कशाचा?" तिने विचारलं.

मी तो बघताच ओळखला. हँडलची ओढ जिच्यामार्फत कुलपाच्या जिभेपर्यंत पोचते, त्या कळीचा तो स्क्रू होता. तो नसताना कळ एकदाच चालली, दार लागलं, आणि ती आतल्या आत गळून पडली.

काही घाबरायचं नाही, मी स्वतःला म्हणालो. असली दारं मी प्लास्टिकच्या पट्टीने उघडतो. कुलपाची जीभ, म्हणजे चौकटीत जाऊन बसते ती पितळेची पट्टी, एका बाजूने उतरती असते. दार आणि चौकट यांच्या फटीतून पट्टी सरकवून त्या उतारावर दाबली की जीभ मागे जाते. लहान मुलाचं काम. मी पट्टी घातली, दाबली. काहीच नाही. परत दाबली. पट्टी वाकली. तिसऱ्यांदा मला समोर उतार लागेचना, सपाट पितळ लागत होतं, आणि मला कळलं की मी जीभ उलटी बसवलीय.

स्क्रूड्रायव्हर हातातून पडला, उचलला, परत पडला. दुसऱ्यांची हजारो दारं उघडली आणि स्वतःच्या मुलीला तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी मी स्वतःच्या हाताने कोंडून ठेवलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. चौथा मजला, खिडकीतून वाट नाही. बिजागऱ्या आतल्या बाजूला. ड्रिलने कुलूप फोडायचं तर ड्रिल व्हॅनमध्ये, खाली. आणि आतून काही म्हणजे काही आवाज येत नव्हता. मला ती अकरा मिनिटं आठवली. संपलं, मी म्हटलं, परत गप्प झाली पोरगी.

"दार फोडतो!" मी ओरडलो आणि खांदा लावायला मागे सरलो. "बाजूला हो गं! लांब हो! घाबरू नकोस! अजिबात घाबरू नकोस!"

"बाबा."

आतून आलेला तो आवाज मी चटकन ओळखलाच नाही. हळू, सपाट, जरा कंटाळल्यासारखा. मग ओळखला. तो माझा आवाज होता. गिऱ्हाइकाच्या दारात मी काढतो तो.

"बाबा, टॉर्च कोणाकडे आहे?"

"माझ्या खिशात. पण काय..."

"तिथे सगळ्यात जास्त कोण घाबरलंय?"

"मी नाही," तिची आई म्हणाली. ती खरंच नव्हती. भिंतीला टेकून माझा उरलेला चहा पीत होती.

"मग बाबा, तुमच्याकडेच राहू दे. खाली झोपा आणि दाराखालच्या फटीतून आत उजेड पाडा. हात हलू द्यायचा नाही. मी 'झालं' म्हणेपर्यंत विझवायची नाही."

मी इस्त्रीच्या पँटीसकट जमिनीवर पालथा पडलो. गाल फरशीला लावला आणि टॉर्च पेटवली. फटीतून मला तिचे बूट दिसले. मुलाखतीसाठी घेतलेले काळे बूट, नाडी व्यवस्थित बांधलेली. मी त्या बुटांकडे बघत राहिलो. ते थरथरत नव्हते. जमिनीला खिळल्यासारखे स्थिर होते.

"जीभ उलटी बसलीय ना?" तिने विचारलं.

"हो गं. माझी मती फिरली होती."

"म्हणजे उतार माझ्या बाजूला आहे. मला फटीत दिसतोय. आता बोलू नका, नुसता उजेड धरा."

मी बोललो नाही. हे वाक्य माझी बायको आजही पाहुण्यांना सांगते, कारण तिच्या मते असं पूर्वी कधी घडलेलं नाही. वर काहीतरी सरकल्याचा आवाज येत होता. एकदा अडकलं, तिने काढलं, परत घातलं. मी माझा श्वास ऐकत होतो, तो हळूहळू जाग्यावर येत होता. मग पितळ मागे गेल्याचा बारीकसा आवाज झाला. दार आत गेलं, आणि मी तिच्या पायांशी साष्टांग पडलेला होतो.

"झालं," टाचणी म्हणाली.

तिच्या हातात कार्ड होतं. जाड पुठ्ठ्याचं, प्लास्टिकमध्ये घातलेलं, कडेला जिभेने चावून फाटलेलं. सात नंबर. मानवजात मधोमध चिरली होती.

"बघितलंत," तिची आई म्हणाली, "चाळीसमधलं एक तरी उपयोगी पडलं."

आठ वाजून बारा मिनिटं झाली होती. टाचणीने ते कार्ड टेबलावर ठेवलं. उरलेली एकोणचाळीसही तिथेच ठेवली. निघताना तिच्या आईने तो गव्हाएवढा स्क्रू तिच्या तळहातावर ठेवला आणि मूठ मिटून दिली. "हा घे. हात रिकामा ठेवू नकोस. तुझ्या बापाचा आहे, ढिलाच आहे, पण चालेल."

कॉलेजच्या फाटकात ती उतरली तेव्हा मला तिच्या पांढऱ्या बाहीवर कुलपाच्या तेलाचा डाग दिसला, चांगला दोन बोटं रुंद. आता सांगून काय उपयोग, म्हणून मी सांगितलं नाही. ती आत गेली. मी गाडीतळावर थांबलो आणि व्हॅनच्या मागच्या दाराचं कुलूप काढायची इच्छा तीन वेळा आवरली.

ती बाहेर आली तेव्हा तिला आत जाऊन चाळीस मिनिटं झाली होती. चालताना ती हात हलवत होती, लहानपणी शाळेतून यायची तशी. व्हॅनमध्ये बसली, पट्टा लावला, आणि बोलायला लागली. ती सांगत होती आणि मी गाडी चालू करायची विसरलो.

मधल्या खुर्चीत एक बाई डॉक्टर होत्या. केस पांढरे, चष्मा नाकावर. त्यांनी पहिल्यांदा डाग बघितला. "हे बाहीला काय लागलंय?" असं विचारलं. चाळीस प्रश्नांत हा नव्हता. टाचणी म्हणाली, "कुलपाचं तेल. सकाळी आमच्या बाबांनी मला खोलीत कोंडलं. ते कुलूपवाले आहेत." आणि मग सगळं सांगितलं. स्क्रू, बशी, उलटी जीभ, फरशीवरचे बाबा. डावीकडचे डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला.

"मी फरशीवर पडल्याचंही सांगितलंस?" मी विचारलं.

"तेच तर महत्त्वाचं होतं."

पण उजवीकडचे डॉक्टर हसले नव्हते. ते म्हणाले, "एक सांगा. खोलीत खिडकी होती का?" ती म्हणाली, होती. "उघडी?" हो. "म्हणजे तुम्हाला टॉर्चच्या उजेडाची गरज नव्हती." नव्हती. "मग तुम्ही वडिलांना फसवलंत. उद्या रुग्णाला असंच फसवाल?"

मी स्टिअरिंगवर हात आपटला. एक तर तो प्रश्न मला आवडला नाही. आणि दुसरं म्हणजे हे मला आत्ताच कळत होतं. "म्हणजे माझ्या टॉर्चची तुला गरजच नव्हती?"

"खिडकी सताड उघडी होती, बाबा. लख्ख ऊन होतं."

गुरूची विद्या गुरूलाच. अठ्ठावीस वर्षं मी ही युक्ती जगावर वापरली आणि स्वतः पालथा पडून तिला बळी पडलो. चिडावं की हसावं ते कळेना. "मग तू काय उत्तर दिलंस?"

"आधी गप्प बसले."

मी गर्रकन तिच्याकडे वळलो.

"नाही हो," ती म्हणाली. "तसं नाही. विचार करायला गप्प बसले. ते तिघं वाट बघत होते आणि मी स्क्रू बोटांत फिरवत होते. भीती होतीच, बाबा, गेली नव्हती. पण ती एका बाजूला बसली होती आणि मी एका बाजूला. मग मी म्हटलं, बाबांनी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. पण उजेड नको होता म्हणजे टॉर्च नको होती असं नाही. ते दाराबाहेर ओरडत होते तोपर्यंत माझे हात कापत होते. ते खाली झोपले, त्यांचा श्वास हळू झाला, तो मला दाराखालून ऐकू येत होता. त्याच्याबरोबर माझा झाला. टॉर्च त्यांच्या हातात दिली, पण तिने मी सावरले."

मी खिडकीबाहेर बघितलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, एक सायकलींची रांग होती. मला वाटत होतं की दाराआड ती निर्भय आहे आणि बाहेर मी एकटाच भित्रा. ते बूट स्थिर होते, पण हात माझ्यासारखेच कापत होते, हे मला कळलं आणि मला तिचा फार अभिमान वाटला.

"मग त्या बाईंनी विचारलं, डॉक्टर का व्हायचंय," ती म्हणाली.

"सात नंबर!"

"सात नंबर. मी म्हटलं, माझे बाबा दार उघडून देतात आणि परत निघतात. मला आत जायचंय."

"एवढंच?"

"एवढंच. बाईंनी ते लिहून घेतलं."

मी गाडी चालू केली. दोन सिग्नल गेल्यावर मी म्हणालो, "मानवजातीबद्दल एखादं वाक्य टाकायला हरकत नव्हती." ती इतकी हसली की शेजारच्या गाडीतली माणसं बघायला लागली.

पत्र यायला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत मी घरातल्या एकाही कुलपाला हात लावला नाही, कारण बायकोने माझे स्क्रूड्रायव्हर दुकानात नेऊन ठेवले होते. शेवटी एका दुपारी पोस्टमन दुकानात आला. काउंटरवर पाकीट ठेवलं. वर कॉलेजचा शिक्का.

टाचणी त्या दिवशी दुकानातच होती, आईला किल्ल्या लावून देत होती. तिघंही त्या पाकिटाभोवती उभे राहिलो. गेल्या वर्षीचं पत्र असंच दिसत होतं, असंच पातळ, असाच शिक्का.

"तुम्ही उघडा, बाबा," ती म्हणाली. "उघडणं तुमचं काम."

मी पाकीट उचललं. जगातलं कुठलंही कुलूप माझ्यासमोर ठेवा. पण ते कागदी पाकीट मला उघडेना. कड सापडेना, नख शिरेना, आणि हात असे थरथरायला लागले की पाकीट फडफडायला लागलं. मी म्हटलं, "डिंक फारच घट्ट लावलाय यांनी."

टाचणीने माझ्या हातातून पाकीट काढून घेतलं. काउंटरमागच्या खिळ्यावर टॉर्च टांगलेली असते. तिने ती काढली आणि माझ्या हातात दिली.

"इथे उजेड पाडा," ती म्हणाली. "हात हलू द्यायचा नाही."

बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं. दुकानाचा दरवाजा सताड उघडा होता, काउंटरवरची एकेक किल्ली चमकत होती. मी टॉर्च पेटवली. दोन्ही हातांनी धरली आणि पाकिटावर उजेड पाडला. दिसत काहीच नव्हतं, उन्हात तो उजेड कुठल्या कुठे विरत होता. पण मी तो धरला, नीट मधोमध.

तिने कड फाडली, कागद उलगडला. ओठ हलवत वाचलं. मग पहिली ओळ मोठ्याने वाचली. तिच्या आईने अशी किंकाळी फोडली की समोरचा बेकरीवाला काय झालं म्हणून पिठाच्या हातांनी धावत आला, आणि सगळं कळल्यावर ओरडला, "मी घेतली होती हिची मुलाखत! पहिल्यांदा मी!" बायको टाचणीला मिठी मारून रडत होती, हसत होती आणि मला शिव्या देत होती, तिन्ही एकदम.

मी तिथेच उभा होतो. टॉर्च तशीच धरलेली, उजेड आता पाकीट सोडून टाचणीच्या चेहऱ्यावर पडत होता. ती आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. माझा हात अजिबात हलत नव्हता.

"झालं, बाबा," ती म्हणाली. "आता विझवा."